पाउंडाला एक फूट

१९३०च्या दशकातला एखादा स्वस्तातला ब्रिटिश रहस्यपट लावून बघा. दिवाणखान्यात खून झालेला असतो. इन्स्पेक्टर शेकोटीपाशी उभा असतो आणि घरातली माणसं आपापलं वाक्य म्हणून गप्प होत जातात. नवरा गेल्याचं कळल्यावर बाई कपाळाला हात लावते, एक हुंकार देते आणि खुर्चीत बसते. तिच्या शेजारच्या तरुणाला पुढचं वाक्य येईपर्यंत हात कुठे ठेवायचे हेच सुचत नाही. आजचा प्रेक्षक इथे हसतो. मी हे चित्रपट वर्षानुवर्षं आवडीने पाहत आलो आहे आणि मला त्या तरुणाबद्दल फार आस्था वाटते. त्याला अभिनय येत होता. संध्याकाळी लंडनच्या रंगभूमीवर तोच माणूस साडेसातशे लोकांना खिळवून ठेवत असे. पडद्यावर त्याचं जे दिसतं, ते त्याच्या दिवसाने त्याचं काय केलं ते आहे. म्हणून तो दिवसच तासातासाने मांडून पाहतो.

हा दिवस कुणा एका नटाचा नाही. तेव्हाच्या कामाच्या पद्धतीवरून तो जुळवला आहे. जागा मात्र खरी आहे : लंडनच्या नैर्ऋत्येचा ट्विकनहॅम स्टुडिओ. साल १९३४ धरू.

पहाटे साडेपाच

रात्री नाटक संपवून, चेहऱ्याचा रंग पुसून घरी यायला बारा वाजून गेलेले. झोप पाच तासांचीही नाही. उशाशी टंकलिखित कागद पडलेले, त्यांत आजचे प्रसंग आहेत. पूर्ण पटकथा त्याने एकदा चाळली असेल-नसेल. आपण साकारतोय तो माणूस शेवटी खुनी ठरतो की नाही, एवढं त्याला माहीत आहे. त्या माणसाचं बोलणं कसं असेल, तो घाबरला की काय करतो, याचा विचार करायला सवड झालेली नाही. नाटकासाठी त्याने तीन-चार आठवडे तालीम केली होती. इथे तालीम म्हणजे हा चहाचा कप आणि हे कागद.

पावणेसात

वॉटर्लूहून गाडी. सेंट मार्गारेट्स स्टेशनावर उतरलं की स्टुडिओ हाकेच्या अंतरावर. गाडीत ओठ हलवत पाठांतर चालू.

इतक्या भल्या पहाटे तो या गाडीत का बसलाय, याचं कारण पार्लमेंटमध्ये आहे. १९२० च्या दशकाच्या मध्याला ब्रिटनच्या पडद्यांवर ब्रिटिश चित्रपट जेमतेम पाच टक्के उरले होते, बाकी जवळजवळ सगळं हॉलिवूडचं. १९२७ साली सिनेमॅटोग्राफ फिल्म्स अ‍ॅक्ट आला. वितरकांनी सुरुवातीला साडेसात टक्के आणि चित्रपटगृहांनी पाच टक्के ब्रिटिश चित्रपट घेतलेच पाहिजेत, आणि हे प्रमाण वर्षागणिक वाढत वीस टक्क्यांवर जाईल, असं ठरलं. मानधन आणि मजुरीचा पाऊण हिस्सा ब्रिटिश प्रजाजनांना मिळाला पाहिजे, अशी अट होती. चित्रपट चांगला असला पाहिजे, अशी अट नव्हती. अमेरिकन कंपन्यांच्या लंडनमधल्या कचेऱ्यांना आपले चित्रपट विकायचे तर सोबत ब्रिटिश चित्रपट दाखवणं भाग होतं, आणि तो त्यांच्या चित्रपटांपेक्षा चांगला निघावा असं त्यांना वाटण्याचं काही कारण नव्हतं. त्यांनी लहान निर्मात्यांना कंत्राटं दिली. दर पडून गेला : फुटाला एक पाउंड. सहा हजार फुटांचा चित्रपट, सहा हजार पाउंड. या चित्रपटांना लोक कोटा क्विकी म्हणू लागले.

ट्विकनहॅमचा मालक ज्युलियस हेगन. १९२९ मध्ये त्याने हा स्टुडिओ हाती घेतला. मुळात ती स्केटिंगची रिंक होती. तिथे दिवसा एक चित्रपट आणि रात्री दुसरा, असे दोन पाळ्यांत स्टेज चालत.

साडेसात

मेकअपची खुर्ची. चेहऱ्यावर पिवळसर तपकिरी रंग चढतो, कारण कृष्णधवल फिल्मवर कातडीचा रंग त्यानेच सारखा दिसतो. रंगभूमीवर तो स्वतःच आरशासमोर बसतो आणि त्या अर्ध्या तासात हळूहळू भूमिकेत शिरतो. इथे दुसराच माणूस त्याचा चेहरा घडवतो आणि त्याचे स्वतःचे डोळे मांडीवरच्या कागदांवर असतात.

साडेआठ

आता सेटवर. अभ्यासिका : पुस्तकांची कपाटं, मोठं टेबल, टेलिफोन, बागेत उघडणारं काचेचं दार. या काळातल्या ब्रिटिश रहस्यपटांतून हे काचेचं दार काढून घेतलं तर निम्मे खून होणारच नाहीत. सेट जुनाच असतो. पडदे आणि खुर्च्या बदलल्या की गेल्या महिन्यातल्या वकिलाची खोली या महिन्यात सरदाराची होते.

या जागेपाशी मला थांबायचं आहे, कारण ज्याला आपण ठोकळ्यासारखा अभिनय म्हणतो तो इथे तयार होतो. माइक नटांच्या डोक्यावर टांगलेला आहे. तो पुढेमागे न्यायचा तर त्याची सावली भिंतीवर पडते, सावली घालवायची तर दिवे बदलावे लागतात, आणि दिवे बदलायला वेळ लागतो. म्हणून माइक आहे तिथेच राहतो आणि माणसं त्याच्याखाली गोळा होतात. जमिनीवर खडूच्या खुणा. आपल्या खुणेवर उभं राहायचं, तोंड फार वळवायचं नाही, कारण मान वळली की शब्दाचा शेवट माइकमधून निसटतो. दोघांचं कडाक्याचं भांडण आहे आणि दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, अर्धवट कॅमेऱ्याकडे तोंड करून, पाय न हलवता भांडतायत. खऱ्या आयुष्यात रागावलेला माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो, पाठ फिरवतो, काहीतरी उचलतो आणि पुन्हा ठेवतो. यातलं काहीही करायची त्याला मुभा नाही. उरतात भुवया आणि आवाज. सगळा राग त्या दोन जागी कोंबला गेला की तो खोटा दिसणारच.

वर दिव्यांची धग. खिडक्या बंद, भिंतींना आवाज शोषणारं जाड आच्छादन, आणि अंगावर लोकरी सूट, कारण गोष्ट नोव्हेंबरात घडते.

कॅमेऱ्यासाठी एक तालीम. मग शांतता, पाटी, टेक.

साडेदहा

पहिला टेक झाला. एका शब्दावर जीभ अडखळली होती, पण ध्वनिमुद्रकाने मान डोलावली आणि दिग्दर्शक पुढच्या प्रसंगाकडे वळला. रिटेक म्हणजे कच्ची फिल्म, आणि कच्च्या फिल्मला पैसे पडतात. तो अडखळलेला शब्द आता नव्वद वर्षं तसाच ऐकू येतोय.

एरवी ही चूक झाकता येते. जवळून घेतलेला समोरच्याचा चेहरा मध्ये घातला की झालं. पण जवळचे शॉट वेगळे घ्यावे लागतात, त्यासाठी पुन्हा दिवे, पुन्हा वेळ. बऱ्याच क्विकींमध्ये अख्खं पान एकाच लांबलचक शॉटमध्ये आटोपलेलं असतं, त्यामुळे संकलकाच्या हाती कापायला काही नसतं. आपण ज्याला चांगला पडदा-अभिनय म्हणतो, त्यातला मोठा वाटा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचा असतो, आणि क्विकीत ऐकणारा बहुधा चौकटीच्या कडेला अर्धाच दिसतो.

याच इमारतीत याच्या उलटही घडलं, म्हणून ते सांगायला हवं. बर्नार्ड व्होरहाउसने १९३३ मध्ये इथेच ‘द घोस्ट कॅमेरा’ केला. एका केमिस्टच्या मोटारीत कुणाचा तरी कॅमेरा येऊन पडतो, आतली फिल्म धुतली तर खुनाचा धागा सापडतो. हेन्री केंडल नायक, तरुण जॉन मिल्स आरोपी, आणि त्याची बहीण म्हणून आयडा लुपिनो, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. संकलक होता डेव्हिड लीन. पैसा तितकाच, दिवस तितकेच. पण व्होरहाउसने कॅमेरा हलवला, चेहरे जवळून घेतले, आणि लीनला कापायला माल मिळाला. मिल्स तिथेही जरा जास्तच तळमळतो. पण ती तळमळ योग्य क्षणी तोडली गेल्यामुळे पोचते. कोटा क्विकीत नट वाईट दिसला की मी आधी विचारतो, त्याला तोडणारा कुणी होता का?

बारा

आता फुटांचा हिशेब. पस्तीस मिलिमीटरची फिल्म बोलपटाच्या वेगाने मिनिटाला नव्वद फूट जाते. म्हणजे सेकंदाला दीड फूट, म्हणजे दीड पाउंड. सहा हजार फूट म्हणजे सत्तर मिनिटांच्याही आत. हा चित्रपट दहा-बारा दिवसांत संपवायचा, तर रोज पाच-सहा मिनिटांचा पक्का माल निघाला पाहिजे.

हे गणित लक्षात ठेवून इन्स्पेक्टरचं आगमन पाहा. दार उघडतं. नोकर आत येतो, नाव सांगतो. इन्स्पेक्टर येतो, हॅट काढतो, नोकराकडे देतो. नोकर जातो, दार लागतं. इन्स्पेक्टर खोली ओलांडतो. यजमान सिगारेटची पेटी पुढे करतो, तो घेतो, काडी ओढली जाते, धूर सुटतो. मग पहिलं वाक्य. वीस-पंचवीस सेकंद गेले, तीस-पस्तीस पाउंडांचा माल झाला, आणि त्यासाठी नवा संवाद लिहावा लागला नाही की नवा सेट उभारावा लागला नाही. नटाला मात्र या वेळात करायला काही नाही. तो हॅट काढणारा माणूस आहे, एवढंच. चांगला नट रिकाम्या वेळात काहीतरी विचार भरतो, पण त्यासाठी भूमिकेचं आतलं काहीतरी माहीत असावं लागतं, आणि ती तालीम कुठे झाली ते आपण पहाटे पाहिलंच आहे.

याच काळात हॉलिवूडचे रहस्यपट, विशेषतः वॉर्नर ब्रदर्सचे, गाडीच्या वेगाने पळत होते. ते पाहून आलेल्या प्रेक्षकाला ही सिगारेट असह्य होत असणार.

एक

जेवण. अर्धा तास. पुढच्या प्रसंगात नवी वाक्यं घातली आहेत, ती जेवतानाच हाती येतात.

दोन

दुपारी गुंडांचा अड्डा. बंदराजवळची खोली, टेबलावर बाटली, भिंतीवर कंदिलाचा उजेड. तिघं गुंड, त्यांतले दोघे उत्तम घरातले, उच्चारांचं शिक्षण घेतलेले. रंगभूमीवर उभं राहायचं तर आधी वाणी घासूनपुसून घ्यायची, असा तेव्हाचा दंडक होता. लंडनच्या पूर्व भागातली बोली हे नट जन्मभर मोलकरणींच्या आणि टॅक्सीवाल्यांच्या तोंडून ऐकत आले, बोलले कधीच नाहीत. शब्दांतला ‘ह’ गाळला की गुंड झाला, अशी समजूत. वाक्य संपता संपता मूळचा साहेबी सूर डोकं वर काढतोच. मला या चित्रपटांतला खरा दोष कुठे वाटत असेल तर तो इथे. बाकीचं वेळापत्रकावर घालता येतं, हे घालता येत नाही. गरिबांच्या वस्तीतली बोली नैसर्गिकपणे बोलणारे नट लंडनमध्ये होते, विनोदी कार्यक्रमांच्या म्युझिक हॉलमध्ये रोज रात्री उभे राहत होते. रहस्यपटांनी त्यांना बहुतेक वेळा दारवान किंवा गमतीशीर साक्षीदार केलं, गुन्हेगाराचं दुःख काही त्यांच्याकडे दिलं नाही.

पात्र आणि नट यांची जोडणी कशी होई, त्याचा एक नमुना याच स्टुडिओतला. अ‍ॅगाथा ख्रिस्तीचा पॉयरो पडद्यावर पहिल्यांदा बोलला तो ट्विकनहॅममध्ये : १९३१ मध्ये ‘अ‍ॅलिबाय’ आणि ‘ब्लॅक कॉफी’, १९३४ मध्ये ‘लॉर्ड एजवेअर डाइज’. तिन्हींत पॉयरो झाला ऑस्टिन ट्रेव्हर. पुस्तकातला पॉयरो बुटका, अंडाकृती डोक्याचा, मिशांवर जीव असलेला. ट्रेव्हर उंच, देखणा आणि दाढी-मिशी सफाचट केलेला. त्याला फ्रेंच धाटणीचं इंग्रजी बोलता येत असे, आणि तेवढ्यावर भूमिका त्याला मिळाली. तिसरा चित्रपट आज पाहता येतो. ट्रेव्हर त्यात मुळीच वाईट नाही, चपळ आहे, डोळ्यांत चमक आहे. फक्त तो पॉयरो नाही. पॉयरोचं शरीर शोधायला कुणाला वेळ नव्हता.

चार

कबुलीजबाबाचा प्रसंग. दिवसातला सर्वांत अवघड, आणि तो सर्वांत थकलेल्या घटकेला आलाय, कारण क्रम कथेचा नसतो, सेटचा असतो. अभ्यासिकेतले सगळे प्रसंग एकाच दिवसात उरकायचे. सकाळी त्याने खून लपवला, आता तो कबूल करतोय, आणि खून स्वतः परवा चित्रित होणार आहे. जो गुन्हा अजून केलेलाच नाही त्याचा पश्चात्ताप त्याला करायचाय. ही अडचण प्रत्येक चित्रपट-नटाला असते. फरक एवढाच, की इतरांना त्यावर दिग्दर्शकाशी बोलायला एक दुपार मिळते.

संवादही साथ देत नाहीत. कथेतला जो भाग दाखवायला पैसे नाहीत तो सगळा या कबुलीत कोंबलेला आहे : दक्षिण अमेरिकेतली खाण, बदललेलं मृत्युपत्र, जुळा भाऊ. माणूस कोसळतोय आणि त्याच दमात तपशील पुरवतोय. नट अशा वेळी जे हुकमी आहे त्याकडे वळतो. आवाज चढतो, डोळे विस्फारतात, हात गळ्याशी जातो.

आणि तरीही. आर्थर वाँटनरचा शेरलॉक होम्स पाहा. १९३१ च्या ‘द स्लीपिंग कार्डिनल’पासून १९३७ च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’पर्यंत पाच चित्रपट, त्यांतले चार ट्विकनहॅमचे. वाँटनर तेव्हा पन्नाशी ओलांडून साठीकडे गेलेला. त्याच्याभोवतीचे लोक वाक्यं फेकतात, तो मात्र बसून राहतो, पाइप हाती धरतो आणि ऐकतो. त्याने माइकला शत्रू मानलं नाही, हळू बोलला तरी ऐकू जातं हे ओळखलं. दिवे तेच, खडूच्या खुणा त्याच. त्याने फक्त कमी केलं. (यांतल्या बहुतेक चित्रपटांत त्याचा वॉटसन झालेल्या नटाचं नाव इयन फ्लेमिंग. हा जेम्स बाँडवाला लेखक नव्हे, ऑस्ट्रेलियातून आलेला नट.) तरुण नटाला कमी करण्याचं धैर्य नसतं. मी काही करत नाहीय असं दिसलं तर पुढचं काम मिळणार नाही, ही भीती असते. दर आठवड्याला काम शोधणाऱ्याला ते धैर्य परवडत नाही.

सहा

सुटका, किंवा पळापळ. मेकअप गाडीत पुसायचा. नटांची संघटना, इक्विटी, १९३० साली उभी राहिली होती, तंत्रज्ञांची १९३३ साली. पण इतके तास झाले की स्टुडिओने सोडलंच पाहिजे, असं ठणकावून सांगण्याची ताकद त्यांना अजून यायची होती.

साडेआठ

वेस्ट एंडमध्ये पडदा वर जातो आणि दिवसभर अवघडलेला माणूस एकदम मोकळा होतो. इथे तो चालू शकतो, पाठ फिरवू शकतो, शेवटच्या रांगेला कुजबूज पोचवू शकतो. दिवसभर जे हावभाव खोटे वाटले तेच इथे खरे वाटतात, कारण ते इतक्या अंतरासाठीच घडवलेले आहेत.

नदीच्या दक्षिणेला एलिफंट अँड कॅसल थिएटरात टॉड स्लॉटरने १९२० च्या दशकात जुन्या रक्तरंजित मेलोड्रामांना असाच श्वास दिला होता. पुढे १९३५ च्या ‘मारिया मार्टेन’मध्ये आणि १९३६ च्या ‘स्वीनी टॉड’मध्ये त्याने तो अभिनय एका तसूनेही न घटवता कॅमेऱ्यासमोर आणला. हात चोळत, दात दाखवत, बळीकडे पाहून खदखदत. वाईट अभिनयाच्या याद्यांत त्याचं नाव हमखास येतं, आणि मला ते अन्यायाचं वाटतं. तो माइकखाली अवघडत नाही, रिकाम्या सेकंदांना घाबरत नाही. त्याला आपल्या प्रेक्षकाला काय हवंय ते नेमकं माहीत आहे आणि तो ते ताट भरून वाढतो. अर्धवट रंगभूमी आणि अर्धवट सिनेमा यांच्यात अडकलेला नट केविलवाणा दिसतो. स्लॉटर पूर्ण रंगभूमीचा आहे.

साडेअकरा

काहींचा दिवस इथे संपतो. काहींचा नाही. मायकल पॉवेलने १९३१ ते १९३६ या काळात अशा तेवीस चित्रपटांचं दिग्दर्शन केलं. ‘लेझीबोन्स’ हा त्यांतला एक, गुन्हेपट नव्हे, हलकाफुलका विनोदी चित्रपट. त्याचे प्रमुख नट इयन हंटर आणि क्लेअर ल्यूस संध्याकाळी लंडनच्या रंगभूमीवर असत, म्हणून त्याचं चित्रीकरण रात्रीच्या पाळीत, ट्विकनहॅममध्ये झालं. नाटकातल्या टाळ्या घेऊन गाडीत बसायचं आणि मध्यरात्री पुन्हा खडूच्या खुणेवर उभं राहायचं.

या नटांची परीक्षा कुठे घ्यायची, हे मला एका चित्रपटाने दाखवलं. एरल फ्लिन १९३४ मध्ये टेडिंग्टनच्या स्टुडिओत ‘मर्डर ॲट माँटे कार्लो’ या क्विकीत होता. तो चित्रपट आज हरवला आहे. पॅट्रिक नोल्स १९३६ मध्ये तिथेच पॉवेलच्या ‘क्राउन व्हर्सेस स्टीव्हन्स’मध्ये भाबडा कारकून झाला. आणि हा रात्रपाळीतला इयन हंटर. तिघंही वॉर्नरच्या १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मध्ये एकत्र आहेत : फ्लिन रॉबिन, नोल्स विल स्कार्लेट, हंटर राजा रिचर्ड. त्या चित्रपटाचं चित्रीकरण १९३७ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या जंगलात सुरू झालं आणि पुढच्या जानेवारीपर्यंत चाललं. खर्च वीस लाख डॉलरच्या घरात. त्यात राजा आपला झगा बाजूला सारतो आणि रॉबिन त्याला ओळखतो, तो क्षण पाहा. हंटर जवळजवळ काही करत नाही, नुसता उभा राहतो. कॅमेरा त्याच्याकडे जातो, मग बाकीच्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे, आणि एकेक जण गुडघे टेकतो.